गिरगावचे जाड काम: चामडे आणि रेग्झीन शिवणाऱ्या जुन्या मशिनांचा इतिहास

चामडे, रेग्झीन, कॅनव्हास आणि ताडपत्री यांची शिलाई कपड्यांच्या शिलाईहून वेगळी असते. शिंप्याच्या मशिनाला जे पेलत नाही ते जाड काम, अशी त्याची सोपी ओळख सांगता येईल. मुंबईत हे काम एकाच पेठेत एकवटलेले नाही, पण त्याचा एक जुना पट्टा गिरगावला लागून जातो. ऑपेरा हाउस आणि न्यू क्वीन्स रोडवरची मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने, खेतवाडीच्या गल्ल्या, सी. पी. टँक आणि कुंभारवाड्यातली मोटार सजवणारी दुकाने, त्यापुढे नळबाजार, दोन टाकी, चोरबाजार आणि बॅगा बनवणारा मदनपुरा असा तो पसरला आहे. इथल्या लहान कारागिराकडचे मशीन बहुधा कोणीतरी आधी वापरलेले असते. कारखान्यातून एकदा बाहेर पडलेले मशीन किती वर्षे चालणार हे ते बनवणाऱ्या कंपनीने इथे कधीच ठरवले नाही. ते ठरवले सुट्या भागांच्या बाजाराने आणि मिस्त्रीच्या हाताने.

मशीन येण्यापूर्वी हे सगळे काम हातावर होते. चर्मकाराची हत्यारे मोजकी होती: कातडे कापायला आणि कडा तासायला रापी, भोक पाडायला आरी, मेण लावलेला दोरा आणि कातड्याचीच वादी. घोड्याचे साज आणि खोगीर बनवणारे जीनगर हे महाराष्ट्रातले जुने कसबी. पेशवाई संपल्यावर घोडदळाची मागणी आटली, तेव्हा त्यांच्यातले पुष्कळ जण पुस्तकबांधणी, धातुकाम, चित्रकाम अशा दुसऱ्या कलांकडे वळले. मुंबईत मात्र घोडा टिकून राहिला. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि व्हिक्टोरिया नावाच्या भाड्याच्या घोडागाड्यांना लगाम, पट्टे, आसनाची गादी आणि दुमडणारा टप लागतच होता. साजाची हातशिलाई एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून होते. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सुटत नाहीत. लगाम आणि पोटपट्टा यांच्यावर माणसाचा जीव अवलंबून असल्याने मशीन आल्यावरही ही शिलाई बराच काळ हातातच राहिली, आणि ते योग्यच होते, कारण मशीनच्या टाक्याला ती मजबुती आजही येत नाही.

शिवणयंत्राचा जाड कामाशी संबंध अगदी सुरुवातीपासूनचा आहे. अमेरिकेत एलियास हाउ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपापल्या यंत्रांची पेटंटे घेतली. वरचा दोरा सुईतून आणि खालचा शटलमधून घेऊन दोहोंची गाठ कापडाच्या पोटात बसवायची, हे या टाक्याचे तत्त्व आजही तसेच आहे. ॲलन विल्सन याने फिरता हुक आणि दातेरी फीड यांची भर घातली. लायमन ब्लेक याने १८५८ मध्ये बुटाचा तळ शिवणारे यंत्र शोधले. जर्मनीतल्या कैझरस्लाउटर्न गावी वाद्ये बनवणाऱ्या गेऑर्ग मिखाएल फाफ याने १८६२ मध्ये जे पहिले यंत्र हाताने घडवले, ते बुटाचे चामडे शिवण्यासाठीच होते. याच सुमारास बीलेफेल्ड शहरात कॉख्स ॲडलर आणि ड्युरकॉप हे कारखाने उभे राहिले. ही नावे मुंबईच्या जुन्या बाजारात शंभर वर्षांनंतरही चालत राहिली.

भारतात सिंगर कंपनीचा पसारा उभा केला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कंपनीचा इथला कारभार त्यांच्याकडे होता. मशीन हप्त्याने देण्याची सिंगरची पद्धत इथेही आली, त्यामुळे हातात भांडवल नसलेल्या शिंप्याला मशीन घेता आले. भारतात येणारी सिंगरची पुष्कळ मशिने स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोई कारखान्यातली होती. तो १८८५ मध्ये सुरू झाला. नमुन्याच्या आकड्यापुढचे ‘के’ हे अक्षर या किलबोईचे. ‘डब्ल्यू’ असेल तर मशीन अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टचे, म्हणजे सिंगरने विसाव्या शतकाच्या आरंभी विकत घेतलेल्या व्हीलर अँड विल्सन कंपनीच्या कारखान्यातले, आणि ‘जी’ असेल तर जर्मनीतले. जुने मशीन घेणाऱ्याला एका अक्षरावरून त्याचे मूळ कळते आणि कोणते भाग शोधावे लागणार याचा अंदाज येतो. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. गिरगावला लागून असलेल्या गावदेवीतले मणिभवन त्या काळात त्यांचे मुंबईतले निवासस्थान होते.

मुंबईतल्या जाड कामाला मोठी मागणी आली ती सैन्याकडून. सर आदमजी पीरभॉय हे ब्रिटिश सैन्याला तंबू आणि बूट पुरवणारे मुंबईचे दाऊदी बोहरा व्यापारी. धारावीत त्यांचा कातडी कमावण्याचा मोठा कारखाना होता, आणि गिरगावच्या कडेला चर्नी रोड स्थानकाजवळ त्यांच्या नावाचे सॅनेटोरियम उभे राहिले. १९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची छोटी रेल्वे याच घराण्याने बांधली. धारावीतला पहिला कातडी कारखाना १८८७ चा मानला जातो. तिरुनेलवेलीकडून आलेल्या तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी आणि कामगारांनी तो धंदा वाढवला. कमावलेले कातडे धारावीतून दक्षिणेकडच्या पेठांत येई, आणि तिथे मोची व चर्मकार कारागीर त्याचे जोडे, पेट्यांचे पट्टे, पिशव्या करत. सैन्याच्या एका बुटाला लागणारे टाके हाताने घालत बसले तर ठेका पुरा होणे शक्य नव्हते, म्हणून बूट आणि तंबू यांच्या कारखान्यांत जड मशिने आली. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याचे उरलेसुरले सामान डिस्पोजलमध्ये विकले गेले. जुन्या बाजारातल्या मालाचा तो एक मोठा झरा होता.

दुसरी मागणी मोटारीने आणली. मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ मध्ये आल्या आणि १९११ मध्ये मीटरच्या टॅक्स्या सुरू झाल्या. ऑपेरा हाउसच्या परिसरात मोटारींचा धंदा वाढत गेला. बॉम्बे सायकल अँड मोटर एजन्सी ही १९१९ ची कंपनी तिथलीच. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली. सुरुवातीच्या मोटारींना व्हिक्टोरियासारखाच दुमडणारा टप होता, आसनेही घोडागाडीच्याच धर्तीची होती. त्यामुळे घोडागाडीच्या गाद्या आणि टप शिवणाऱ्या हाताला मोटारीचे काम परके नव्हते. बदलला तो माल. चामड्याच्या जागी रेग्झीन आले. हे इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावच्या कंपनीचे नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन ते चामड्यासारखे दिसेल असे बनवत. पुढे लेप पीव्हीसीचा झाला, तरी लोकांनी रेग्झीन हेच नाव ठेवले. १५ जुलै १९२६ रोजी सुरू झालेल्या बससेवेची आसने, चित्रपटगृहांच्या खुर्च्या, दवाखान्यातली बाके, स्कूटरची सीट असे रेग्झीनचे काम वाढतच गेले. एकट्या गिरगाव आणि लॅमिंग्टन रोडच्या टापूत मॅजेस्टिक, इंपीरियल, सेंट्रल, रॉक्सी अशी चित्रपटगृहे होती, आणि हजारो लोक ज्या खुर्चीवर बसून उठतात तिची शिवण उसवणारच.

रेल्वेच्या कारखान्यांत हेच काम मोठ्या प्रमाणावर चाले. लोअर परळचा कारखाना एकोणिसाव्या शतकातला आणि माटुंग्याचा डबे बांधणारा कारखाना १९१५ चा. डब्यांतल्या गाद्या आणि आसने शिवण्याचे काम तिथल्या ट्रिमिंग विभागाकडे असे. परळ-लालबागच्या गिरण्यांनाही चामडे लागे, मात्र तिथे शिलाई कमी होती. मागाचा धोटा फेकणारे पिकर म्हशीच्या कातड्याचे, सूतकताईच्या रुळांवर चढवायची कातडी मेंढीची आणि शाफ्टवरून मशिनांना गती देणारे पट्टेही चामड्याचे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या सामानाचे लिलाव झाले. त्यातून जुन्या बाजाराला मोटारी, पट्टे, बेअरिंग, लोखंडी टेबले असा माल मिळाला. जाड काम करणाऱ्याला शिलाईचे डोके घेतल्यावर उरलेला सांगाडा उभा करायला हेच लागत असे.

नवे मशीन घेण्याऐवजी जुने घेण्याची रीत पडली तिला काटकसरीइतकेच सरकारी धोरणही कारणीभूत होते. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा मशीन आणले, आणि लुधियानात मशिने व सुटे भाग बनवणारा मोठा उद्योग उभा राहिला. पण या देशी उत्पादनाचा भर घरगुती आणि शिंप्याच्या मशिनांवर होता. चामड्याची आणि गादीकामाची जड मशिने परदेशातूनच आणावी लागत. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात परवान्यांचा फास आवळला गेला. मोठ्या निर्यातदार कारखान्याला परवाना मिळे, गल्लीतल्या कारागिराला तो मिळण्याची शक्यता नव्हती. मग देशात आधीच आलेली मशिने एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला गेला, कातडी कमावण्याचे कारखानेही हळूहळू धारावीतून हलले, पण चामड्याच्या वस्तू शिवणारे धारावीतच राहिले. त्यांची मशीनची गरजही याच बाजारातून भागे.

या बाजारात काय घ्यायचे हे ठरवताना पहिला प्रश्न माल पुढे कसा सरकतो हा असतो. शिंप्याच्या मशीनमध्ये खालचे दाते कापड सरकवतात आणि वरचा पाय ते नुसते दाबून धरतो. सुती कापडाला हे पुरते. रेग्झीनचा वरचा थर पायाला चिकटतो, खालचा दात्यांबरोबर पुढे जातो, आणि हातभर शिवणीच्या शेवटी दोन थरांत बोटभर फरक पडतो. त्यावर कारागिरांनी काढलेले उपाय म्हणजे पायाखाली पावडर टाकणे किंवा कागद धरणे. चामड्यावर खालच्या दात्यांचे ओरखडे उठतात आणि ते पुसले जात नाहीत. म्हणून सोफा, सीट आणि बॅग यांच्यासाठी वॉकिंग फूट लागतो. त्यात सुई मालात असतानाच ती, दाते आणि आतला पाय असे तिन्ही एकत्र पुढे जातात, तेवढ्यात बाहेरचा पाय उचलून पुढचा टप्पा धरतो. सिंगरचे १११डब्ल्यू१५५ आणि जपानचे जुकी एलयू-५६३ ही या जातीची दोन नामांकित मशिने. जुकी कंपनी १९३८ मध्ये रायफली बनवण्यासाठी स्थापन झाली आणि युद्धानंतर शिवणयंत्रांकडे वळली. मुंबईत तिचे नाव इतके रुळले की कपड्याच्या कारखान्यातल्या कोणत्याही कंपनीच्या वेगवान मशिनाला कामगार जुकीच म्हणतात. त्यामुळे जुने मशीन विकत घेताना नुसते ‘जुकी आहे’ एवढे ऐकून भागत नाही, नमुन्याचा आकडा पाहावा लागतो. पातळ कापडाचे जुकी चामड्यापुढे उभे राहत नाही.

दुसरा प्रश्न बैठकीचा. सोफ्याच्या कव्हरला सपाट बैठक चालते. पिशवीची कड किंवा नळीसारखा भाग शिवायचा तर आडव्या दांड्याची, म्हणजे सिलिंडर बैठक लागते. बुटाच्या वरच्या भागाला खांबावरची बैठक लागते, तिला पोस्ट म्हणतात. या सगळ्यांपेक्षा वेगळे आणि जोडे दुरुस्त करणाऱ्या गटई कामगारांच्या सर्वाधिक ओळखीचे मशीन म्हणजे सिंगरचे २९के. त्याचा दांडा लांब आणि अरुंद असतो, तो तयार बुटाच्या आत खोलवर जातो. माल खालच्या दात्यांऐवजी वरचा पायच सरकवतो आणि तो पाय गोल फिरतो, त्यामुळे बूट न वळवता कोणत्याही दिशेला टाका घालता येतो. बहुतेक वेळा ते हाताच्या चाकावर चालते, वीज लागत नाही. उसवलेला बूट, फाटलेली पिशवी, तुटलेला पट्टा असे जे जे दुरुस्तीला येते त्याला याहून उपयोगी यंत्र झाले नाही, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. त्याची मर्यादा एवढीच की बॉबिन लहान असते आणि जाड दोरा लवकर संपतो, म्हणून लांब शिवणीच्या कामाला ते घेऊ नये. साज आणि जाड पट्ट्यांसाठी सिंगरचे ४५के असे. हे मशीन जड, सावकाश आणि जाडजूड सुईचे.

वापरलेले मशीन तपासण्याची रीत साधी आहे आणि ती विजेचे बटण दाबण्याआधीच पुरी होते. चाक हाताने सावकाश फिरवायचे. ते सगळीकडे सारखे फिरले पाहिजे. एका जागी जड लागले तर शाफ्ट वाकलेला असतो किंवा आत काही अडते. सुईची दांडी बोटात धरून डावी-उजवी हलवून पाहायची. खेळ जाणवला तर बुश झिजलेला आहे, आणि अशा मशीनमध्ये हुक कितीही नीट बसवला तरी टाका सुटतो. हुकाच्या टोकाला नख लावून बोथटपणा आणि खरवड तपासायची. टाक्याची लांबी सर्वांत मोठ्या खुणेवर ठेवून खरोखर तेवढी पडते का ते मोजायचे. २९केमध्ये हीच परीक्षा निर्णायक ठरते, कारण त्याचे कॅम आणि लिव्हर झिजले की टाका आखूड होत जातो, आणि पूर्ण लांबी लावूनही बारीक टाके पडतात. शेवटी स्वतः आणलेल्या मालाच्या तुकड्यांवर शिवून बघायचे, तेही चार थर जिथे एकावर एक येतात त्या सांध्यावरून. दुकानदाराने दिलेल्या कापडाच्या चिंधीवर कोणतेही मशीन छान चालते. नवा रंग मारलेल्या मशीनपेक्षा जुना, उडालेला रंग बरा. नव्या रंगाखाली बिडाची तडकलेली जागा लपू शकते, आणि बीड एकदा तडकले की वेल्डिंगने मूळची ताकद येत नाही.

सुई आणि दोरा यांचा मेळ हा निवडीचाच भाग आहे. सुईच्या अंगावरचा आकडा तिच्या जाडीचा असतो. ११० म्हणजे १.१ मिलिमीटर, १४० म्हणजे १.४ मिलिमीटर. सिंगर १११डब्ल्यू आणि जुकी ५६३ यांना १३५×१७ आणि १३५×१६ या सुया बसतात. लांबी एकच, टोक वेगळे. पहिलीचे टोक गोल, ते कापडाचे धागे बाजूला सारते. दुसरीचे टोक धारदार, ते चामड्यात बारीक चीर पाडते. चामड्याला धारदार सुई हवीच, पण तीच रेग्झीनला लावली तर मागचे कापड कापले जाते आणि ताण आल्यावर शिवणीच्या रेषेवर फाटते. मोटारीच्या सीटा टाक्यांच्या रांगेत फाटतात त्याचे एक कारण चुकीची सुई आहे, आणि टाके जवळजवळ घातले की शिवण पक्की होते हा गैरसमज दुसरे कारण. चामड्यात आणि रेग्झीनमध्ये एकदा पडलेले भोक बुजत नाही, तेव्हा जाड कामात टाका लांबच ठेवावा लागतो. जुन्या काळचा मेणलेला सुती दोरा जाऊन नायलॉन आणि पॉलिस्टरचा दोरा आला. तो कुजत नाही, पण मशीनचे टेन्शन त्याला नव्याने बसवावे लागते.

मशीन चालवणाऱ्या विजेच्या मोटारीबाबत जुन्या बाजारात बराच काळ एकच पर्याय होता, क्लच मोटर. ती चालू केली की सतत फिरत राहते आणि पायाने क्लच दाबला की मशीनला गती मिळते. कपड्याच्या कारखान्याला हा वेग हवा असतो. चामड्याला तो घातक आहे. एक चुकलेला टाका म्हणजे कायमचे भोक, आणि वेगात तापलेली सुई रेग्झीनचा लेप वितळवते. त्यावर मिस्त्री मोटारीवरची पुली लहान आणि मशीनचे चाक मोठे करून वेग उतरवत. आता सर्वो मोटर स्वस्त झाल्याने ही अडचण संपली आहे. ती पाय दाबेपर्यंत थांबलेली असते, आवाज करत नाही आणि एकेक टाका सावकाश घालू देते. जुन्या मशीनवर खर्च करायचाच तर पहिला खर्च हिच्यावर करावा.

दुरुस्तीची सुरुवात धुण्याने होते. मुंबईची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये दोन रोग हमखास असतात: गंज आणि घट्ट झालेले तेल. जुने तेल वाळून लाखेसारखे चिकट होते आणि शाफ्ट धरून ठेवते. अशा वेळी जोर लावून चाक फिरवणे ही सर्वांत मोठी चूक, त्याने दाते तुटतात. मिस्त्री प्रत्येक तेलाच्या भोकात रॉकेल सोडून रात्रभर ठेवतो, थोडे थोडे हलवतो, पुन्हा रॉकेल सोडतो. मशीन मोकळे झाले की रॉकेल पूर्ण निपटून काढून पातळ मशीन ऑइल देतो. रॉकेल वंगण नव्हे, ते आत राहिले तर कोरड्या धातूवर धातू घासून पुढची झीज सुरू होते. तेल देण्यातही जाड कामात सावधपणा लागतो, कारण तेलाचा आणि लोखंडाचा काळा डाग फिक्या चामड्यावरून निघत नाही. तेल दिल्यावर आधी रद्दी मालावर पुष्कळ शिवायचे आणि मगच गिऱ्हाइकाचे काम पायाखाली घ्यायचे, ही शिस्त चांगला कारागीर मोडत नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारांची आणि मशिनांची पूजा होते. त्याआधी मशीन उघडून पुसले जाते. पावसाळा नुकताच संपत आलेला असल्याने मशिनासाठी ती साफसफाई अगदी वेळेवर होते.

धुतलेल्या मशीनचा टाका जुळवणे हे खरे कौशल्य. सुई सर्वांत खाली जाऊन साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वर उचलली गेली की तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. नेमक्या त्या क्षणी हुकाचे टोक सुईच्या डोळ्याच्या किंचित वर, सुईला जवळजवळ चाटून गेले पाहिजे. दोहोंतले अंतर कागदाच्या जाडीइतके असते. जास्त असले तर फासा हुकाला सापडत नाही आणि टाका सुटतो, कमी असले तर हुक सुईला घासून तिची आणि स्वतःची धार मोडतो. जाड सुई लावल्यावर हे अंतर बदलते, म्हणून १०० ची सुई काढून १४० ची घातली आणि मशीन बिघडले असे जे वाटते तो पुष्कळदा बिघाड नसतो, जुळणी नव्याने करायची असते. १११डब्ल्यू१५५ आणि एलयू-५६३ मध्ये दोरा हुकात अडकला तर हुकाला गती देणारा सेफ्टी क्लच सुटतो. सुई वरखाली होते पण हुक फिरत नाही. बैठकीवरचे बटण दाबून चाक फिरवले की तो परत बसतो. हे ठाऊक नसल्याने चांगली मशिने भंगारात गेली आहेत, आणि ठाऊक असणाऱ्यांनी ती कवडीमोलाने उचलली आहेत.

झिजलेला भाग मिळत नसेल तेव्हा तो घडवला जातो. खेतवाडी, कुंभारवाडा, कामाठीपुरा या भागांत लेथची लहान दुकाने असत. सुईच्या दांडीचा बुश गनमेटलच्या दांड्यातून खरादून मिळे. हुकाचे बोथट टोक बारीक दगडावर घासून आणि पॉलिश करून आणखी काही वर्षे चाले. दाते झिजले तर कानशीने पुन्हा पाडले जात. पण शटल आणि हुक यांची पोलादी घडण गल्लीत होत नाही, तिथे दुसऱ्या मशीनचा बळी द्यावा लागतो. दोन बंद मशिनांतून एक चालते करणे ही या धंद्याची जुनी पद्धत. पट्टे, बेअरिंग आणि हत्यारे नागदेवी स्ट्रीटवर मिळत. हे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात आले नाही. वांद्र्याच्या खेरवाडीतल्या शासकीय तंत्रनिकेतनात चर्मवस्तू आणि पादत्राणे यांचे शिक्षण मिळते, १९७४ मध्ये स्थापन झालेल्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने कारागिरांना कर्जे दिली, गटई कामगारांना स्टॉल देण्याची सरकारी योजनाही आली. मशीन दुरुस्त करणारा मात्र उस्तादाच्या हाताखाली, बोटांनी खेळ आणि कानांनी आवाज ओळखत तयार झाला. त्याच्या विद्येची दखल या संस्थांनी घ्यायला हवी होती. ती घेतली गेली नाही, ही चर्मोद्योगाच्या धोरणातली मोठी उणीव आहे.

क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. १९९१ नंतर आयात मोकळी झाली, तेव्हा जपानी आणि जर्मन मशिने, नवी आणि वापरलेलीही, अधिक सहज येऊ लागली. त्यांच्यामागून चिनी कारखान्यांच्या नकला आल्या. २९केच्या धर्तीचे हाताने फिरवायचे चिनी मशीन आज अगदी कमी पैशांत मिळते. त्याची ओतीव कामे खडबडीत असतात, कडा घासून आणि टाका नव्याने जुळवून घेतल्याशिवाय ते नीट शिवत नाही, पण नवशिक्याला परवडते. मोठ्या कामाला मात्र झिजलेल्या पण मुळात चांगल्या बिडाच्या जुन्या मशीनची बरोबरी ते करू शकत नाही.

त्याच काळात कामाचे स्वरूपही पालटले. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि मुंबईतले साजाचे शेवटचे मोठे गिऱ्हाईक गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला, आणि बैलाच्या कातड्यावर चालणाऱ्या कारागिरांना म्हशीच्या आणि बकऱ्याच्या कातड्याकडे किंवा परराज्यातल्या मालाकडे वळावे लागले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिची सलग बाकासारखी सीट आणि तिच्यावर चढवलेले रंगीत रेग्झीन हे कित्येक वर्षे या पट्ट्यातल्या सीट शिवणाऱ्यांचे नेहमीचे काम होते. नव्या मोटारींची आसने कारखान्यातून साच्यातल्या फोमसह येतात, कारागिराकडे येते ते वरचे कव्हर. मेट्रो-३ च्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या, इतर चाळींचा पुनर्विकास चालू आहे, आणि तळमजल्यावर पागडीने चालणाऱ्या लहान कारखान्यांना तेवढ्या भाड्यात दुसरी जागा त्या भागात मिळत नाही. पुष्कळ काम धारावी, कुर्ला आणि त्यापलीकडे सरकले.

जे उरले आहे ते बॅगा, कार कव्हर, सोफा, जिममधली बाके, पावसाळ्याच्या ताडपत्र्या आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतल्या ढोलांचे रुंद पट्टे यांवर चालते. या कामांसाठी आज जुने मशीन घेणाऱ्याची बहुतेक वेळा निवड वॉकिंग फूटच्या तीन-चार घराण्यांपुरती असते, आणि त्याला सबळ कारण आहे. सिंगर १११ आणि २११, जुकी ५६२ आणि ५६३, जपानी घडणीचे कॉन्स्यू २०६ यांचे वरचे पाय एकमेकांना बसतात. पायपिंगचा, चेनचा, कडेच्या शिवणीचा असा प्रत्येक पाय यांच्यासाठी अजून नवा बनतो आणि सुयाही सहज मिळतात. ४५के किंवा जुन्या ॲडलरचे तसे नाही. त्यांचे मशीन स्वस्तात मिळाले तरी हुक, शटल आणि निदान डझनभर सुया सोबत मिळत असतील तरच ते घ्यावे, नाहीतर पहिली सुई मोडताच ते बंद पडते.